तळ्याचा रहिवासी दाखला

परसात तळं खणायचं, असं दाखलेसाहेबांनी रात्रीच्या जेवणात जाहीर केलं. आवाज असा, की तळं नव्हे, धरणच मंजूर झालंय आणि उद्या पहिला दगड बसवायला मंत्री येणार आहेत.

"आणि कपडे कुठे वाळत घालायचे?" बायकोनं विचारलं.

"त्यात मासे असणार का?" नववीतल्या कन्येनं विचारलं.

सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. पाण्याचा पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या, "तुमचं घर, तुमचा खड्डा, जावईबापू. मी आपली पाहुणी. थंडी पडायच्या आत माझ्या घरी जाणार."

झालं! बायकोचा घास हातातच राहिला. कारण सासूबाईंचं 'माझं घर' म्हणजे दोन तासांवरच्या गावातलं, तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर. आणि त्यांच्या खुब्याचं हाड नुकतंच कुठे सांधलेलं. मागे एकदा त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, थेट दूधवाला येईपर्यंत. दूधवाल्याला त्यांनी "हवा खातेय" असं सांगितलं. पण लेकीला कळायचं ते कळलं आणि ती त्यांना जवळजवळ उचलूनच इकडे घेऊन आली. तेव्हापासून घरात एकच चिंता होती, आईंना थांबवायचं कसं? सरळ "थांबा" म्हणायची सोय नव्हती. सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या निवृत्त मेट्रन. 'थांबा' हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितला होता, स्वतः कधी ऐकला नव्हता.

दिवसभर त्या मागच्या खोलीच्या खिडकीत बसायच्या. खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसायची. भिंत अतिशय शिस्तीची होती, कधी हलायची नाही. एकदा सासूबाई सहज म्हणून गेल्या, "काही हलणारं दिसलं तर माणसाचा वेळ जातो." ते ऐकून बायकोनं डोळे पुसले, कन्येनं "आजी, टीव्ही आत आणू?" विचारलं आणि दाखलेसाहेबांच्या डोक्यात एकदम पाणी हललं.

या गृहस्थांना सगळी गल्ली 'दाखलेसाहेब' का म्हणायची, ते इथेच सांगून टाकायला हवं, कारण पुढचा सगळा चिखल तिथूनच झाला. ते रहिवासी दाखले देणाऱ्या कचेरीत हेडक्लार्क होते. इथे राहणारा खरा इथला आहे का, हे ठरवायचं त्यांच्या हातात. नियम एकच, सलग पंधरा वर्षं वास्तव्य. पंधरा वर्षं झाली? मग तुम्ही इथले, घ्या शिक्का. चौदा वर्षं अकरा महिने? मग बाहेरचे, पुढच्या महिन्यात या. इतका सोपा, स्वच्छ, सुंदर नियम जगात दुसरा नाही, असं त्यांचं मत होतं. गणितातसुद्धा नाही. गणितात निदान वर्गमूळ तरी असतं.

रविवारी खणायला सुरुवात झाली. पहिलं घमेलं बाहेर पडायच्या आत भिंतीवरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. गल्लीत यांना होलसेलकाकू म्हणत. दुकान वगैरे नव्हतं त्यांचं. त्या सल्ला कधी किरकोळीत देत नसत, एवढंच.

"खोल नका हो खणू, कोणीतरी पडेल. आणि उथळ तर मुळीच नका, वास मारेल. भिंतीपासून लांब ठेवा. पण घराच्या जवळ नको हं, पायाला ओल धरते. आणि गोल नका करू, चौकोनी तर आजकाल कोणीच करत नाही."

"मग कसं करू?"

"ते तुम्ही ठरवा बाई, आपण कोणाच्या मध्ये पडत नाही," असं म्हणून काकू भिंतीवर हनुवटी टेकवून दिवसभर तिथेच राहिल्या.

संध्याकाळपर्यंत तळ्याचा आकार जो झाला, तो भूमितीच्या कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. साधारण चपलेसारखा म्हणता येईल. त्यात काळी जाड ताडपत्री अंथरली, पाणी भरलं आणि प्रश्न आला झाडांचा.

"बाबा, झाडं इथलीच लावा हं," कन्या म्हणाली. तिच्या वर्गाचा त्या वर्षीचा प्रकल्पच पाणथळ जागांवर होता आणि तिला माहिती गप्प बसू देत नव्हती. "इथली झाडं असली की इथले चतुर येतात, बेडूक येतात. भलतंच काही आणलं तर ते सगळ्यांना गिळून टाकतं."

"इथलीच?" दाखलेसाहेबांची छाती दोन इंच फुगली. "अगं, इथलं कोण आणि बाहेरचं कोण, हे तू मला शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी ते रोपवाटिकेत गेले. कन्या मागोमाग होतीच. एका हौदात जांभळ्या तुऱ्यांची, फुगीर देठांची देखणी रोपं तरंगत होती. दाखलेसाहेब त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. कचेरीत अर्जदारासमोर उभे राहतात ना, अगदी तसे.

"हे स्थानिक आहे का?"

"म्हणजे काय साहेब! गावच्या तलावात माझ्या आजोबांच्या लहानपणापासून आहे," रोपवाटिकेवाला म्हणाला.

"सलग?"

"सलग काय विचारता! काढून काढून लोक दमले, पण ते काही हललं नाही."

"संपलं," दाखलेसाहेब म्हणाले. "पंधरा वर्षं कधीच उलटली. द्या तीन."

"बाबा!" कन्या एवढ्या जोरात ओरडली की दोन गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. "ती जलपर्णी आहे! पार दुसऱ्या खंडातून आलीय. झाडांना पंधरा वर्षांचा नियम नसतो!"

"हे बघ, कोण कुठून आला हे विचारायचं नसतं, किती दिवस नांदला हे बघायचं असतं. यालाच माणुसकी म्हणतात."

"माणसांचं बरोबर आहे हो! पण माणूस पंधरा दिवसांत दुप्पट होतो का?"

दाखलेसाहेब हसले. बापमाणसं लेकीच्या हुशारीवर जसं हसतात आणि मग तिचं मुळीच ऐकत नाहीत, तसं.

पहिले काही दिवस तळं खरोखर बघण्यासारखं होतं. तीन रोपं, तीन तुरे, मध्ये आभाळ. सासूबाईंनी खिडकीतून बघितलं आणि "हं" म्हणाल्या. त्यांचा तो एक 'हं' दाखलेसाहेब कचेरीत चार जणांना सांगून आले. मग तिनाची सहा झाली. सहांची बारा. आभाळ आधी कडेला सरकलं, मग कोपऱ्यात गेलं आणि एके दिवशी सकाळी आभाळ गायबच! खिडकीखाली नुसता हिरवागार, गच्च, ठार स्थिर गालिचा.

"जावईबापू," सासूबाई चहा पिताना म्हणाल्या, "मैदान छान झालंय. क्रिकेटला देणार का?"

दाखलेसाहेब काहीतरी भारदस्त उत्तर देणार, एवढ्यात होलसेलकाकूंची मांजर भिंतीवरून उतरली. तिलाही ते मैदानच वाटलं. बिचारी शेपटी उभारून ऐटीत चार पावलं चालत गेली आणि पाचव्याला अंतर्धान पावली. पुढचा आवाज लिहून दाखवता येत नाही. मांजर वर आली ती डोक्यावर जांभळा तुरा घेऊन, आणि भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं.

"जीव घ्याल हो कोणाचा तरी! मी म्हटलंच होतं, उथळ नका खणू!"

सगळी जलपर्णी ओढून काढण्यात पुढचे दोन रविवार गेले. दाखलेसाहेब ती टोपलीत भरून मागच्या नाल्यात टाकायला निघाले, तर कन्या दोन्ही हात पसरून फाटकात आडवी. "नाल्यातून तलावात जाईल बाबा! उन्हात वाळवायची. पार कुरकुरीत होईपर्यंत." मग अंगणभर जलपर्णी वाळत पडली आणि कपडे वाळायला दिवाणखान्यात आले. एका मोठ्या सरकारी अधिकाऱ्याला (हेडक्लार्क म्हणजे काही लहान नाही) स्वतःच्याच ओल्या पायजम्याखालून वाकून पेपर वाचावा लागत होता. त्यांनी ते निमूटपणे केलं.

आता कोणालाही वाटेल, की माणूस शहाणा झाला असेल. झालेही ते शहाणे! पण दुसऱ्या टोकाला जाऊन. "यापुढे," त्यांनी जाहीर केलं, "फक्त जन्मानं इथलं." आणि गावाबाहेरच्या ओढ्याकाठून पाणकणीस घेऊन आले. उंच पाती, वर तपकिरी मखमली कणसं. माणसांच्याही आधीपासून ते इथलं, याबद्दल कन्येलाही शंका नव्हती.

"इथलं आहे, कबूल," ती म्हणाली. "पण दांडगट आहे बाबा. एवढ्याशा तळ्यात मोकळं नका सोडू. निदान कुंडीत तरी लावा."

"कुंडीत?" दाखलेसाहेबांना मनापासून लागलं. "अस्सल भूमिपुत्राला त्याच्याच पाण्यात कैद? ते माझ्यानं व्हायचं नाही."

भूमिपुत्रानं काय करावं? तळाशी गाळात टोकदार मुळं पसरली, पसरता पसरता ताडपत्रीशी गाठ पडली आणि त्यानं ती सरळ भोसकली. तळ्यातलं पाणी रोज थोडं थोडं उतरायला लागलं. दाखलेसाहेब म्हणाले, ऊन फार आहे. रोज बादल्या ओतत राहिले. आणि एका सकाळी फाटकात होलसेलकाकू उभ्या. पहिल्यांदाच भिंतीवरून न येता रीतसर फाटकातून आलेल्या, कमरेवर हात ठेवून.

"दाखलेसाहेब, आमच्या कोठीच्या खोलीत तुमचं तळं आलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे घोट्याएवढं आलंय! गाद्या भिजल्या माझ्या! त्या खालीच कशाला ठेवल्या म्हणून विचारू नका, मी सांगणार नाही!"

गाद्या वाळवायला जागा कुठे होती? दाखलेसाहेबांच्या गच्चीवर. त्या वर नेल्या कोणी? दाखलेसाहेबांनी. ओली गादी डोक्यावर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाची जी काही प्रतिष्ठा शिल्लक राहते, ती सांभाळत कठड्याला टेकून ते दम घेत उभे असतानाच खाली डासवाले निरीक्षक आले. दोन्ही घरांच्या मधलं डबकं त्यांनी बोळातून हेरलं होतं. बाटलीत पाणी घेतलं, उजेडात धरलं आणि नोटीस फाडून हातात दिली. घरगुती पाणीसाठ्याची नोंद करा, नाहीतर बुजवून टाका.

नोंदीसाठी दाखलेसाहेब पालिकेत गेले. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूला.

"प्रकार सांगा," आतला कारकून मान वर न करता म्हणाला. "टाकी, विहीर की हौद?"

"तळं."

"तळं यात नाही."

"पण आहे ते तळंच!"

"असेल तुमच्या घरी. इथे नाही. टाकी म्हणता का?"

"अहो, टाकीत कोणी बेडूक ठेवतं का?"

"बेडूक असतील तर पशुपालन. ती खिडकी बंद आहे. उद्या या."

हे 'उद्या या' दाखलेसाहेबांनी स्वतः हजारो लोकांना सांगितलं असेल, आणि अगदी गोड आवाजात सांगितलं असेल. पण काचेच्या या बाजूला ते इतकं थंड लागतं, हे त्यांना कधी कोणी कळवलंच नव्हतं. ते घरी आले, ते चहासुद्धा न घेता थेट परसात जाऊन बसले.

तळ्यात पाणी वीतभर. बाकी चिखल. थंडी आठवड्यावर आलेली. सासूबाईंनी शनिवारची टॅक्सी सांगून ठेवलेली आणि बायको दोन दिवस आईची बॅग भरत होती आणि परत उपसत होती. नवऱ्यावर राग नव्हता तिचा, तेच तर वाईट होतं. आदल्या रात्री ती एवढंच म्हणाली होती, "अहो, या वेळी दूधवाला आलाच नाही, तर?" दाखलेसाहेबांनी चिखलाकडे बघितलं. त्यांना काही फार मोठं नको होतं. एका म्हाताऱ्या बाईला खिडकीतून जरा काही हलताना दिसावं, एवढंच हवं होतं.

"जावईबापू!"

खिडकी उघडली होती.

"ते ताडपत्रीवर पांढरं काय चिकटवलंय?"

"भोक बुजवलंय, आई."

"माझ्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी आहे ती."

दाखलेसाहेबांनी पट्टीची सुटलेली कड अंगठ्यानं दाबली.

"ओल्या जखमेवर पट्टी? कडा न पुसता? आणि तीही तिरकी?" सासूबाईंचा आवाज चढत गेला. "हे ड्रेसिंग आहे? माझ्या वॉर्डात असं ड्रेसिंग कोणी केलं असतं, तर त्याला मी फरशी पुसायला लावली असती!"

आणि खिडकीतून डोकं नाहीसं झालं. काठीची ठकठक ऐकू आली, आधी खोलीत, मग पडवीत, मग पायऱ्यांवर. इतक्या महिन्यांत त्या परसात कधी उतरल्या नव्हत्या. दाखलेसाहेब धरायला धावले, तर त्यांनी काठीनंच बाजूला केलं. "मला नका धरू. पेशंटला धरा. आणि आधी सगळं पाणी काढा."

त्या दिवसापासून परसाचा ताबा मेट्रननं घेतला. ताडपत्री उचलली, सुकवली, आतून बाहेरून ठिगळं लावली. पाणकणसाची परत ओढ्याकाठी रवानगी झाली. बदलीचा हुकूम असल्यासारखी, समारंभ न करता. नवी झाडं निवडायचं काम कन्येकडे दिलं, पण एकेक रोप लाकडी स्टुलावर बसलेल्या सासूबाईंसमोर हजर करायचं.

"हे कोण?"

"कुमुद, आजी. इथलंच. रात्री फुलतं."

"नाइट ड्यूटी. चालेल. पसरतं का?"

"कुंडीत ठेवलं तर नाही."

"मग प्रत्येकाला वेगळी खाट. हे?"

"वेखंड. काठावर राहतं, सावकाश वाढतं. आणि ही ब्राह्मी, दगडांवरून उतरते, कोणाला त्रास देत नाही."

"बाहेरून आलेल्यांना आधी त्या घमेल्यात वेगळं ठेवा. पानामागे गोगलगायीची अंडी बघा. बघितली? परत बघा."

दाखलेसाहेबांकडे बादल्यांचं खातं आलं. होलसेलकाकू भिंतीवरून सांगायला गेल्या, "मला विचाराल तर…" तर सासूबाईंनी वर न बघता, "भेटीची वेळ चार ते सहा," म्हटलं, आणि ते डोकं चक्क खाली गेलं! या दृश्यासाठी दाखलेसाहेबांनी आणखी दहा गाद्या वाहिल्या असत्या.

पाणी भरलं. बुधवारी एक लाल चतुर वेखंडाच्या पात्यावर बसून गेला. शुक्रवारी कुठूनसा एक बेडूक आला आणि कोणालाही न विचारता राहिला.

आणि शनिवार उजाडला.

डासवाले निरीक्षक सकाळीच फेरतपासणीला आले. हातात बाटली, बाटलीत रंगीत शेपटीचे मासे. "हे सोडा, डासांच्या अळ्या खातील. फुकट आहेत."

"हेसुद्धा बाहेरचे!" कन्या किंचाळली. "हे बेडकांची पिल्लंही खातात!"

"पाण्यात हात घालायच्या आधी साबणानं धुवा," सासूबाई निरीक्षकांना म्हणाल्या. निरीक्षक सरकारी माणूस होते, पण त्यांनी मुकाट्यानं हात धुतले. नखंसुद्धा दाखवली. मग पळी बुडवून बघितली, पुन्हा बुडवून बघितली. डासांची एकही अळी नाही! पाणी ताजं होतं, त्यात मेट्रनची सकाळ-संध्याकाळ राउंड आणि त्या बिनपरवाना बेडकाचा पहारा! निरीक्षकांनी कागदावर 'हौद' लिहिलं, खोडलं, डोकं खाजवलं आणि 'इतर' या रकान्यात 'तळं' असं लिहून सही केली. माशांची बाटली त्यांच्याबरोबर परत गेली.

दाखलेसाहेब आनंदानं सासूबाईंकडे वळले, तोच बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

सासूबाईंनी हात पुसले. साडीचा पदर सारखा केला. "घमेल्यातल्या वेखंडाला संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही," एवढं सांगितलं, आणि काठी टेकत टॅक्सीत जाऊन बसल्या. लेक खिडकीशी गेली आणि पदरानं उगाच काच पुसत राहिली. "दार नीट लागलंय का बघ," सासूबाई तिला म्हणाल्या. टॅक्सी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही म्हणायला हरकत नाही. कन्या परसात जाऊन बसली आणि बेडकाशीसुद्धा बोलली नाही. बायको मागच्या खोलीतली चादर बदलायला गेली आणि न बदलताच परत आली. दाखलेसाहेबांनी तळ्याभोवती फेऱ्या मारल्या. पाण्यावर आभाळ होतं, चतुर होता, सगळं हलत होतं. अगदी हवं तसं! आणि खिडकीत कोणी नव्हतं. आपण इतकी वर्षं जिला नुसते घाबरत होतो, ती नसल्यावर भरलेलं तळं असं रिकामं का वाटतं, हे त्यांना कळेना. त्यांनी घमेल्यातल्या वेखंडाकडे हात नेला आणि चटकन मागे घेतला.

दिवे लागायच्या सुमाराला पुन्हा हॉर्न वाजला.

तीच टॅक्सी. पण टपावर दोरीनं बांधलेली एक प्रचंड शिसवी आरामखुर्ची, चारही पाय आभाळाकडे. मागच्या सीटवर पत्र्याची ट्रंक, बॅटरी, शिवणाचं मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ. आणि पुढे, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर स्टोव्ह घेऊन बसलेल्या सासूबाई.

"खालच्या मजल्यावरच्या पोरांनी उतरवलं सगळं," त्या काच खाली करत म्हणाल्या. "घर भाड्यानं द्यायला सांगून आले. तुमच्या त्या लाकडी स्टुलावर बसून राउंड होत नाही, कंबर धरते. ही खुर्ची परसात ठेवायची. उन्हात नाही, सावलीत."

लेकीनं धावत जाऊन आधी मांडीवरचा स्टोव्ह काढून घेतला. कन्या मात्र गल्ली दणाणेल अशी ओरडली आणि भिंतीवरून काकूंचं डोकं तत्काळ वर आलं. "शिसवी आहे हो! उचलताना पाठ सांभाळा, आणि पायांखाली…" मग त्यांना काहीतरी आठवलं. "सहा वाजून गेले का?" असं पुटपुटून त्या खाली गेल्या.

दाखलेसाहेब जागच्या जागी उभे होते. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं आणि ते काय, हे सांगायला ते मुळीच तयार नव्हते.

"जावईबापू, बघत काय राहिलात?" सासूबाई दार ढकलून उतरत म्हणाल्या. "माझं वेखंड कसं आहे?"

"हात लावला नाही, आई."

"बरं केलंत. धरा आता खुर्चीची एक बाजू. आणि रडायचं असेल तर आधी खुर्ची खाली ठेवा, मग रडा. पायावर पडेल."